आरसा कुणाच्या उंचीवर?

किकवीहून आम्ही बोलतोय. मागच्या वेळी आपण लोणच्याच्या बरण्यांबद्दल बोललो होतो, आज न्हाणीतल्या आरशाबद्दल बोलायचं आहे. ऐकून काही जणी हसतील, की आरशात बोलण्यासारखं काय आहे? आम्हीही आधी हसलोच होतो. पण एका साध्या आरशाला चौकट बसवायला घेतली आणि बोलता बोलता गोष्ट थेट अजिंठ्यापर्यंत गेली. तीच आज सांगतो.

झालं असं. आमच्या गटातल्या एक आक्का आहेत. मालक जाऊन त्यांना काही वर्षं झाली. मुलानं घरात नवी न्हाणी बांधली, फरशी बसवली, नळ घेतला, आणि शिरवळहून एक साधा आरसा आणून चार क्लिपांवर भिंतीला लावला. दीड फूट रुंद, दोन फूट उंच, नुसती काच. दोन पावसाळ्यांत त्याच्या कडा काळ्या पडल्या, खालच्या कोपऱ्यात बुरशीसारखे डाग आले. मुलगा म्हणाला, फेकून देऊ, नवा आणू. आक्का म्हणाल्या, मधली काच तर चांगली आहे, पैसे कशाला घालवायचे? गटाच्या बैठकीत विषय निघाला, तेव्हा आमच्यातली एक सहज बोलली, "आक्का, चौकट बसवू की, काळी कड झाकली जाईल. तुम्हालाही नीट दिसेल." तर आक्का म्हणाल्या, "मला गं कशाला आता आरसा? आणि तसाही तो माझ्या डोक्याच्या वर टांगलाय."

बोलणं तिथंच थांबलं. आरसा टांगला होता मुलाच्या उंचीवर, दाढी करायला सोयीचा. घरातल्या दोन्ही बायकांना त्यात कपाळाच्या वरचे केस तेवढे दिसायचे. दोन वर्षांत कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आक्कांनीही कधी सांगितलं नाही. मग आम्ही ठरवलं, चौकट तर बसवूच, पण 'मला कशाला आरसा' या बोलण्याचं मूळही शोधू.

मूळ शोधायचं तर फार मागं जावं लागतं. काचेचा आरसा आपल्याकडे अलीकडचा. त्याआधी आरसा म्हणजे धातूचा. कांशासारखा धातू ओतायचा आणि त्यात तोंड दिसेपर्यंत घासत राहायचं. केरळात आरन्मुळा गावी असे धातूचे आरसे अजून करतात. अजिंठ्याच्या 17 नंबरच्या लेण्यात एक चित्र आहे. राजघराण्यातली एक स्त्री हातात गोल आरसा धरून शृंगार करते आहे, बाजूला दासी उभ्या आहेत. हे चित्र पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात चितारणाऱ्याला आरसा पाहणारी बाई चितारण्याजोगी वाटली.

त्याच्याही मागं जाऊ. धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचं गाव आहे. सातवाहनांच्या काळात तिथून परदेशी व्यापार चाले. तेरला हस्तिदंतात कोरलेली एका स्त्रीची लहान मूर्ती सापडली, ती तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. तशाच धाटणीची मूर्ती जालना जिल्ह्यात भोकरदनला मिळाली. आणि तशीच एक मूर्ती कुठं सापडावी? इटलीत, पॉम्पेई या गावात. ज्वालामुखी फुटून ते गाव इसवी सन 79 मध्ये राखेखाली गाडलं गेलं होतं, आणि 1938 मध्ये खोदताना ही आपल्याकडची हस्तिदंती बाई तिथं मिळाली. तिच्या डोक्यावरून खाली आत भोक पाडलेलं आहे. काही अभ्यासक म्हणतात, ही आरशाची मूठ असावी. काही म्हणतात, छोट्या तिवईचा पाय असावा. काहीही असो, इथल्या कारागिरानं कोरलेली वस्तू दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेली. मूठ असो की चौकट, आरशाइतकंच महत्त्व त्याला धरून ठेवणाऱ्या वस्तूला होतं. का, तर आरसा महाग. हातातून पडला, पोचा आला, की संपला.

पुढं काचेचा आरसा आला तरी ही भीती गेली नाही. युरोपात व्हेनिसचे कारागीर काचेच्या पाठीला कथील आणि पारा लावत. पाऱ्याच्या वाफेनं करणाऱ्यांचे हात कापायचे, दात पडायचे. मोठी काच करताच येत नसे. फ्रान्सच्या राजानं व्हर्सायच्या महालात आरशांचा दिवाणखाना केला, तो 1684 मध्ये पुरा झाला. त्यात 357 आरसे आहेत, कारण अख्खी भिंत झाकेल एवढा एक आरसा त्या राजालाही मिळत नव्हता! तुकडे जोडूनच भिंत करावी लागली. 1835 च्या सुमारास लीबिख नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची युक्ती शोधली. तेव्हापासून आरशातला पारा हळूहळू गेला आणि आरसा स्वस्त होत गेला. आजही आपल्या आरशाच्या पाठीला बहुधा चांदीचाच थर असतो, त्यावर अनेकदा तांब्याचा आणि मग रंगाचा. बोलताना मात्र आपण अजून 'आरशाचा पारा उडाला' असंच म्हणतो.

आता आपल्या घरात येऊ. आमच्या आज्यांच्या घरात दोन प्रकारचे आरसे होते. एक सोप्यात, दाराच्या उजेडाला, खुंटीला टांगलेला, तो पुरुषांचा. दुसरा फणी-करंड्याच्या पेटीत, झाकणाला आतून बसवलेला, तळहाताएवढा, तो बायकांचा. पेटी उघडायची, मेण लावून कुंकू टेकवायचं, भांग पाडायचा, पेटी मिटायची. त्या आरशात एका वेळी एकतर कपाळ दिसे, नाहीतर हनुवटी. अख्खा चेहरा बघायला वेळ कुणाला होता? पण तो आरसा तिचा होता. त्याला लाकडाची चौकट होती, झाकण होतं, चुलीच्या धुरापासून तो जपलेला होता. म्हणूनच काही घरांत पणजीच्या पेटीतला आरसा अजून स्वच्छ आहे आणि न्हाणीतला दोन वर्षांचा आरसा काळा.

लग्नातही आरसा असे. अनेक घरांत सूनमुख पाहण्याचा विधी होतो. सासू नव्या सुनेचं तोंड आरशात पाहते, मग तिला दागिना देते. सणावाराला गावचा न्हावी घरोघर आरसा दाखवायला येई, लोक त्यात तोंड पाहून ओवाळणी टाकत. बलुतेदारीतला त्याचा तो मान होता.

आणि मालक गेला की हे सगळं बाईच्या हातून काढून घेतलं जाई. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची. कुंकू नाही म्हटल्यावर करंडा नाही, करंडा नाही म्हटल्यावर आरसाही नाही. कुणी कायदा केला नव्हता, पण आरशापुढं उभी राहिलेली विधवा दिसली की घरातलंच कुणीतरी बोलायचं. ब्राह्मणांत आणि आणखी काही जातींत तर तिचे केसही काढत. म्हणजे सणाला आरसा दाखवणारा जो हात, त्याच हातात तो वस्तरा द्यायचे.

पण याच हातांनी एकदा नकार दिला, हे आपल्याला शाळेत फारसं कुणी सांगितलं नाही. 1890 मध्ये मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं तिथं ठरलं. हातावर पोट असणाऱ्या माणसांनी हातचं काम सोडायचं ठरवलं, ही लहान गोष्ट नव्हे. केशवपन त्यानं एका दिवसात थांबलं नाही, पण ते करायला नकार देता येतो हे लोकांना दिसलं.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की आमच्या गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठराव कागदावर होतो, घरात उतरायला वेळ लागतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण आक्का 'मला कशाला आरसा' म्हणाल्या, ते त्यांचं एकटीचं बोलणं नव्हतं. ते पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडून बोलवून घेतलेलं होतं.

आता चौकटीची गोष्ट. आपल्या भिंतीवर चौकटी आल्या त्या आधी देवांच्या. 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला. 1894 मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढं आपल्याच जिल्ह्यात लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं स्वस्त झाली आणि गरिबाच्या घरीही देवाची तसबीर आली. चित्र आलं की त्याला काच हवी, काचेला चौकट हवी. सुतारानं दाराची चौकट करून उरलेल्या पट्टीत तसबीर बसवून द्यायची, असं चाले.

काच मात्र बहुतेक परदेशातून येई. जुन्या वाड्यांतून 'बेल्जियमचा आरसा' म्हणून अजून कौतुकानं दाखवतात. त्यावर उपाय निघाला तोही आपल्या जिल्ह्यात, आणि तो आपल्या बचत गटासारखाच होता. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी पैसा फंड काढला. वर्षाला प्रत्येक माणसानं एक पैसा द्यायचा आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभे करायचे. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. त्या एकेक पैशातून 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. तिथं काचकाम शिकवत, आणि शिकून गेलेल्यांनी ठिकठिकाणी काचेचे कारखाने उभे केले. पुढं 1916 मध्ये औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला, ती ओगलेवाडी. तिथला प्रभाकर कंदील आपल्यातल्या थोरल्या बायकांना आठवत असेल. त्याची काच राखेनं पुसायचं काम मुलींकडेच असे.

तळेगाव आणि मळवली एकाच रेल्वेमार्गावर, चार-पाच स्टेशनांच्या अंतरानं आहेत. एका गावी काच शिकवत होते, दुसऱ्या गावी चित्रं छापत होते. आपल्या जिल्ह्यातली ही दोन्ही कामं माहीत असायला हवीत, म्हणून सांगितलं.

मग आरशाची चौकट गेली कुठं? 1959 मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करण्याची रीत जाहीर केली. मोठी, सरळ, स्वस्त काच मिळू लागली. काच इतकी स्वस्त झाली की तिला जपायची गरज कुणाला वाटेना. चौकट गेली, चार क्लिपा आल्या. पण चौकट फक्त शोभेला नव्हती. आरशाची कड म्हणजे त्याची उघडी जखम. तिथं चांदीचा थर उघडा असतो. न्हाणीतलं पाणी आणि वाफ तिथून आत शिरते, चांदी आणि तांबं गंजतं आणि काळी कड आत आत सरकत जाते.

तर आम्ही काय केलं, ते सांगतो. आरसा 18 इंच बाय 24 इंच. शिरवळच्या भंगारवाल्याकडून पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या घेतल्या, अडीच इंच रुंद, अर्धा इंच जाड. अशा लाकडावर शिक्का असतो. 'एचटी' शिक्का असेल तर लाकूड तापवून किडीपासून वाचवलेलं असतं, ते घ्यायचं. 'एमबी' असेल तर त्याला विषारी वायू दिलेला असतो, ते घरात आणायचं नाही. शिक्काच नसेल तरी सोडून द्यायचं.

पट्टी चारी बाजूंनी काचेवर अर्धा इंच चढवायची, म्हणजे काळी कड झाकते. उभ्या दोन पट्ट्या 28 इंचांच्या, त्यांच्या मध्ये बसणाऱ्या आडव्या दोन 17 इंचांच्या. सगळी मिळून 90 इंच, म्हणजे साडेसात फूट. कापण्यात थोडं जातं, म्हणून आठ फूट धरायचं. सुतार कोपरे तिरपे कापतो, तसं आम्हाला जमणार नव्हतं. आम्ही सरळच कापले. गुण्या लावून रेघ मारली, हातकरवतीनं कापलं, पॉलिश पेपरनं घासलं. मागून कोपऱ्यांना लोखंडी एल पट्ट्या स्क्रूनं बसवल्या. त्या बाहेरच्या दोन इंचांतच बसवायच्या, नाहीतर काचेला टेकतात आणि काच तडकते. मग ऑइल पेंटचे दोन हात दिले, मागच्या बाजूलाही. काचेवर येणारी आतली अर्धा इंच पट्टीही रंगवायची, कारण आरशात तिची पाठ दिसते. ती विसरलात तर कोरं लाकूड कायम दिसत राहील. आमचं ते राहिलं होतं, पुन्हा उलटून रंगवावं लागलं.

चिकटवायला सिलिकॉन घ्यायचं, पण दुकानात 'न्यूट्रल' म्हणून मागायचं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते आरशाची चांदी खातं. आरसा काढून कडा कोरड्या फडक्यानं पुसल्या, दिवसभर सावलीत वाळवल्या. जागेवर बसवल्यावर काचेच्या कडेनं सिलिकॉन लावून चौकट दाबली, टेपनं धरून ठेवली आणि एक रात्र न्हाणीत कुणाला आंघोळ करू दिली नाही. वरच्या आणि बाजूच्या फटी सिलिकॉननं बुजवल्या. खालची बुजवायची नाही, चुकून आत गेलेलं पाणी तिथून निथळतं. सगळा खर्च 400 रुपयांच्या आत झाला. करवत आणि गुण्या गटातच होते. पुसताना आरशावर पाणी मारायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडा करायचा. आणि राख अजिबात नको, ओरखडे पडतात.

पण खरा खोळंबा झाला तो आरसा परत टांगताना. किती उंचीवर लावायचा? मुलगा म्हणाला, होता तिथंच लावा, भोकं तयार आहेत. भोकं तयार आहेत, हे अगदी खरं. नवी भोकं म्हणजे फरशी फुटायची भीती. आम्ही आक्कांना म्हटलं, तुम्ही उभ्या राहा. त्या नको नको म्हणत उभ्या राहिल्या. सून शेजारी उभी राहिली, मुलगाही. पेन्सिलीनं तिघांच्या डोळ्यांच्या खुणा केल्या. आक्का आणि मुलगा यांच्यात दहा इंचांचं अंतर निघालं. आरसा दोन फूट उंच, म्हणजे थोडा खाली घेतला तर तिघांनाही पुरतो. मोजल्यावर एवढं साधं उत्तर निघालं, पण त्याआधी कधी कुणी मोजलंच नव्हतं. मुलानंच मग फरशीवर टेप लावून हळू ड्रिल मारलं. फरशी फुटली नाही. जुन्या भोकांत त्यानं पांढरं सिमेंट भरलं.

आक्कांनी कुंकू लावायला सुरुवात केली का, असं आम्हाला नंतर कुणी कुणी विचारलं. आम्ही त्यांना ते विचारलेलं नाही, विचारणारही नाही. लावायचं की नाही, हे ठरवायची जागा म्हणजे तो आरसा, आणि तिथं त्यांच्याशिवाय कुणी उभं नको. एवढंच सांगतो, की चार दिवसांनी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा न्हाणीची कडी आतून लावलेली होती आणि बाहेर नातू ओरडत होता, "आज्जे, किती वेळ गं? माझी शाळा आहे."

तर बायांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या घरातला आरसा कुणाच्या उंचीवर टांगलेला आहे, बघा. घरातली सगळ्यात बुटकी बाई त्याच्यापुढं उभी करा. तिला तिचं तोंड दिसत नसेल तर चौकट नंतर, आधी आरसा खाली घ्या. पुढच्या बैठकीत काय निघालं ते आम्हाला कळवा.